दोनशे लिटर

मोटार लिलावातली. पाटबंधारे खात्याची.
पुराच्या बोटीला होती म्हणे. पूर एकदाच आला,
मग वीस वर्षं ती येलदरीच्या गोदामात
ताडपत्रीखाली वाट बघत बसली.
मी आणि धुराजीनं मिळून उचलली, साडेसहा हजाराला.
कंपनीचं नाव उडालेलं,
आकडा तेवढा शिल्लक : आठ.
धुराजी म्हणला, आठ घोडे हायेत ह्यात.
म्हणलं, सात मेले असतील. एक बघू उठतो का.

इंजिनातलं मला कळतं ते लुनाएवढं.
पण लुनाही असंच पेते,
पेट्रोल पन्नास, ऑइल एक,
आणि रुसली की आधी प्लग काढून बघायचा
कोरडा हाय का ओला.
ओला होता. म्हणजे जीव होता.

कार्बोरेटर उघडला, तर आत
पेट्रोलचा गूळ झालेला.
जेटचं भोक सुईच्या नाकाहून बारीक.
क्लचवायरीची एक तार सुटी केली, घातली, फिरवली, फुंकली,
उजेडाला धरलं.
पलीकडं धरण दिसलं,
मोहरीएवढं.

गॅस्केट कापलं लग्नपत्रिकेतून.
‘श्रीकृपेकरून’ एवढं नेमकं बोल्टाखाली आलं,
राहू दिलं.

खरी गोम पाण्याच्या पंपात.
रबराचं चक्र, सहा पाकळ्या, सहाही वाळून मोडलेल्या.
नवं मागवायचं तर बावीसशे, वर कुरिअर.
ट्रकच्या ट्यूबमधून कापलं, ते शेवयासारखं वळलं.
मग जिंतूरला खलीलभाईच्या भंगारात
अर्धा दिवस उकिडवा बसलो.
भलत्याच कुठल्या पंपाचं एक घावलं, दोन सूत मोठं.
चाळीस रुपये. चहा त्याचाच.
घरी आणून पॉलिश पेपरवर घासत राहिलो,
आशामती म्हणली, पोराला एवढं अंघोळीला घासलं असतं तर.

चक्राला धरणारी चावी नव्हती.
नखाएवढा अर्धचंद्र लागतो, लोखंडाचा.
बापानं एक किल्ली ठेवलेली खुंटीला,
जुन्या गावातल्या घराची. ते घर आता पाण्याखाली.
कानस घेतली. वाटलं,
हे काहीतरी चांगलं होतंय.
दुसऱ्याच झटक्याला तुटली. बिडाची होती.
सायकलच्या कॉटर पिनीचा तुकडा घातला,
तो बसला तो बसलाच.

आता चालवून बघायची, तर पाण्यात.
कोरडी चालवली की पाकळ्या जळतात.
धरण दीड कोसावर, नळ नऊ दिवसांनी,
आणि दारात निळा ड्रम भरलेला, काठोकाठ.
मी ड्रमाकडं बघितलं.
आशामतीनं माझ्याकडं बघितलं.
धुराजी उगंच पाना पुसत बसला.

‘कामून माझंच पाणी?’
‘तासाभराचं काम हाय.’
‘आन् नंतर?’
नंतरचं मला माहीत होतं, तिलाही.
दोन हंडे तेवढे काढून घेतले तिनं,
मग बाजूला झाली.

एकविसाव्या झटक्याला
खांदा उतरायच्या बेतात असताना
ती खोकली. धूर. कोंबड्या छपरावर.
ड्रम असा हादरायला लागला की धुराजीनं त्याला मिठीच मारली.
पण मागच्या भोकातून पाणी काही येईना.
मोटार मुतली नाही तर दोन मिनिटांत तापून मरते.
मी मोजत होतो. पन्नास. साठ.
आधी थुंकी. मग एक गाळाची गुळणी.
मग धार.
करंगळीएवढी, वाकडी, न तुटणारी धार.
पोरगं ओरडलं, मुतली, मुतली!
सगळी गल्ली बघायला आली.

ड्रममध्ये राहिलं ते काळं, वर रंग तरंगणारे.
म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत ड्रमही चढला. कुणी बोललं नाही.
पहिली फेरी जाळ्याची नव्हती.
वल्ही घेतली होती, विश्वास कशाला ठेवा.
मधोमध, जिथं पाणी निवळ,
आशामतीनं कळशी-कळशीनं ड्रम भरला,
आणि नाव जडावून परत निघाली,
आठातले पाचेक घोडे ओढत असतील.
ती मागं मोटारीजवळ बसली होती.
धारेखाली हात धरून म्हणली,
‘कोमट लागतंय. हे चांगलं का वाईट?’
म्हणलं, चांगलं.
तिनं हात काढला नाही.