तुरळक ठिकाणी

सोमवारी सकाळी सांगितलं,
ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी
मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी,
वारा ताशी तीस ते चाळीस,
इशारा पिवळा,
आठवडा एकूण अस्थिर.

मी वॉटरप्रूफिंगवाला.
माझं पंचांग एवढंच:
पहिल्या हाताला एक दिवस ऊन,
दुसऱ्या हाताला दोन,
मग गच्चीच्या मोऱ्यांत गोणपाटाचे बोळे कोंबून
घोट्याएवढं पाणी साठवायचं
आणि खालच्या छताकडे बघत बसायचं,
कुठे उतरतं का.
चैत्रात हे सगळं जमतं.
चैत्र म्हणजे आमची सुगी.

पण तुरळक ठिकाण म्हणजे कुठलं?
कोपरी? माजिवडा?
की खारीगावातली ही तीनमजली इमारत,
जिच्या गच्चीखाली गुप्तेबाई
नऊ वर्षं एका बादलीसोबत राहतात?

मंगळवारी घाबरून आम्ही डबे उघडलेच नाहीत
आणि ऊन पडलं असं कडक
की पारसिकच्या डोंगराच्या घड्या मोजता याव्यात.
दिवस वाया.
लहानू विडी चोळत म्हणाला, शेठ,
हवामानवाल्यांनापण हजेरीच लागत असेल ना,
पाऊस आला तरी, नाही आला तरी?
त्याची आई येऊरला मोहाची फुलं सुकवते.
त्याने तिला फोन लावला: आये, पसरलीस का?
ती म्हणाली, पसरली.
तो म्हणाला, गोळा कर.
अर्ध्या तासाने पुन्हा: पसर.
तिसऱ्यांदा तिने फोन उचललाच नाही.

बुधवारी पहिला हात मारला.
चारला ढग आले, खाडीपलीकडे थांबले,
कोपरीवर सांडले;
पुलावरून येणारा पाववाला
पुढून ओला, पाठीमागे कोरडा.
आम्ही ताडपत्री ओढली,
तिला मधोमध टेकू हवा होता
तर गुप्तेबाईंनी पाडव्याची काठी दिली,
कडुलिंबाचा एक डहाळा अजून गाठीत अडकलेला.
म्हणाल्या, कलश नाही मागितलात हे नशीब.
एक थेंब पडला नाही.

गुरुवारी ऊन. दुसरा हात.
शुक्रवारी दिवसभर ऊन.
शनिवारी संध्याकाळपर्यंत ऊन,
आणि टँकरवाला म्हणाला, पाणी उद्या मिळेल,
आज सगळ्या गाड्या घोडबंदरला लग्नांवर आहेत.
मी बोळे कोंबून ठेवले, घरी गेलो.

रात्री दीडला पत्रा वाजायला लागला.
सरी नव्हत्याच त्या.
गच्चीवर कुणी पिंपंच्या पिंपं रिकामी करत होतं
आमच्याच हिशेबाने, आमच्याच कामासाठी,
आणि मी अंथरुणात कोपरे आठवत होतो:
टाकीखालचा, पाइपाशेजारचा,
तो एक, जिथे लहानूचा ब्रश
मोहाच्या आठवणीत जरा लवकर उचलला गेला असेल.
फोन उशाशी.
गुप्तेबाईंचा फोन आला नाही.
पाणी गळल्याचा फोन मला झोपू देतो,
न आलेला नाही.

सकाळी गेलो. गच्चीवर घोट्याएवढं पाणी,
त्यात एक कावळा उभा, मालकासारखा.
खाली बादली तिच्या जागी,
फरशीवरच्या तिच्या गोल डागावर.
तळाशी एक मेलेला डास, बाकी काही नाही.
स्टुलावर चढून मी छताला तळवा लावला.
नऊ वर्षांचे पोपडे, पिवळे वेढे,
आणि सगळं थंड, पण कोरडं.

कोरडंय, मी म्हटलं.
आज कोरडंय, बाई म्हणाल्या.
खाली मुलुंडला रात्री चांदणं होतं म्हणे,
त्यांच्या बहिणीचा फोन आला होता,
ती विश्वासच ठेवेना.

चहा झाला. मी पैशांचं काढलं नाही.
दोन दिवस पाणी राहू दे, म्हटलं, मग बघू.
पुढच्या आठवड्याचं काय म्हणतायत?
तेच. तुरळक ठिकाणी.
बाईंनी बादलीकडे पाहिलं,
पायाने सरकवली,
एक फरशीभर.