पडद्याआडून

शनिवारी तीन चांदण्या मोजून झाल्या
की वेणीची मेणबत्ती वाइनमध्ये चर्र करून विझायची.
लवंगांची डबी हातोहात फिरत आमच्यापर्यंत यायची,
तोवर तिच्यात वास थोडासाच उरलेला.
शब्बाथ राणी निघाली;
पाहुणीला वेशीपर्यंत पोचवून यायचं, म्हणून गोष्ट.

अँटवर्पमधली ती खोली, खाली हिऱ्यांना पैलू पाडायचं दुकान.
खारवलेला हेरिंग, उकडलेले बटाटे,
मधोमध पडदा. पलीकडं पुरुष,
अलीकडं त्सिर्ल मावशी, फ्रुमेट, आई, मी
आणि भलंमोठं पातेलं.

येकुसिएल एरवी अडखळायचा,
पाव मागताना 'प'वरच अर्धा मिनिट.
गोष्टीत मात्र जीभ चाकावरच्या हिऱ्यासारखी.
गोष्ट तीच, दर हिवाळ्यात:
बर्फात वाट चुकलेला घोड्यांचा दलाल
पहाटे रेब्बेंच्या दाराशी येतो,
खिशात चोरीचा लगाम.
म्हणतो, मला एकही प्रार्थना येत नाही.
रेब्बे उठतात, दिवा खाली ठेवतात, आणि म्हणतात—

नेमकं तेव्हाच मावशीच्या हातून झाकण पडायचं.
नाहीतर कुणाचं तरी बाळ रडायचं,
नाहीतर पलीकडचा 'ओय'च वाक्याच्या आधी पोचायचा.
तिकडं टेबलावर मुठी, शब्दांवाचून उचललेली चाल,
इकडं आम्ही एकमेकींकडं बघतोय: काय म्हणाले?

फ्रुमेट म्हणायची, 'आधी घोड्याला पाणी दाखव.'
आई म्हणायची, 'मलाही येत नाही.'
मावशीच्या मते, 'जेवलास का?'
दारात आलेल्याला दुसरं काय विचारतात!
मी नऊ वर्षांची. मला वाटायचं,
ते काहीच बोलले नसतील.

यंदा येकुसिएल नव्वदीचा.
लगामापर्यंत आला, दिवा खाली ठेवला,
आणि थांबला.
ओठ नुसतेच हलत राहिले.
ज्यांनी ऐकलं होतं ते बहुतेक गेले;
मुलांना बापांचं रडणं आठवत होतं, वाक्य नाही.
मग त्यानं पडद्याकडं तोंड केलं:
'तु-तुमच्याकडं काय ऐकू आलं होतं?'

मी तिघींची उत्तरं सांगितली,
ज्याचं त्याचं नाव घेऊन.
माझं माझ्यापाशी ठेवलं.
पलीकडं बराच वेळ फक्त खुर्च्या करकरल्या.

'जेवलास का, हे त्सिर्लचं?'
'हो.'
'हं,' येकुसिएल म्हणाला, एकदाही न अडखळता,
'तिचं ते झाकण मला दरवेळी ऐकू यायचं.'