मूळ धर्माचा रकाना

प्रोफेसरांच्या फॉर्मवर रकाना होता: मूळ धर्म.
मी दुभाष्या. विचारलं, आफ्रिकेत तुम्ही काय पुजायचात?
राजपुरीच्या उन्हात जवळा पसरत
जमरूदबी म्हणाली,
मी तर रोह्यापलीकडेसुद्धा गेले नाही रे.

त्यांनी लिहिलं: स्मृतिलोप.

मग दर्ग्यातला ढोल शेकताना
चामड्याशी ओठ नेऊन ती काहीतरी बोलली.
एकच शब्द. उर्दू नाही, आमची बोली नाही.
प्रोफेसर ताडकन उठले.
ओरोमो असेल, स्वाहिली असेल, परत म्हणायला सांग!

अर्थ मला नाही ठाऊक, ती म्हणाली,
सासूने दिला. ढोल ओळखतो.
आज दोनदा म्हटला तर रुसेल.

रकान्यात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.
दिघीच्या लाँचमध्ये त्यांनी विचारलं,
काय पुटपुटतोयस?
सुट्टे मोजतोय, म्हटलं.