पाटी लागण्याआधी

पाटी लागते तेव्हा उशीर झालेला असतो.
फोटो फोनवर येतात तेव्हा तर फारच.
तोवर चाळीस अनोळखी माणसांनी
कुणाचं तरी न्हाणीघर बोटाने मोठं करून बघितलेलं असतं
आणि भाव कपाटावर चढून बसलेला असतो मांजरासारखा,
हाका मारून न उतरणारा.

म्हणून मी आधी जाते.
स्कूटर म्हात्रे पुलाच्या अलीकडे लावते
आणि पटवर्धन बागेच्या गल्ल्या पायी फिरते, वर बघत.

दोरी वाचता येते.
आधी पायजमे जातात.
मग साड्यांचे गाऊन होतात.
मग एक दिवस नुसते चिमटे उरतात ओळीने,
न्यायला कुणी न आलेल्या शाळकरी पोरांसारखे.

रोकडे इस्त्रीवाला सांगतो, कुठल्या घरातून
चार वर्षांनी एक पैठणी खाली आली.
मुनीर रद्दीवाला फोनच करतो:
"ताई, बी विंग, दुसरा मजला. दिवाळी अंक निघाले."
दिवाळी अंक ही पहिली पायरी.
त्यानंतर पितळ.
मुलाचा ड्रॉइंग बोर्ड निघाला
की मी केस विंचरून, कॉटनची साडी नेसून तयार.

माझी बहीण याला गिधाडपणा म्हणते.
मी म्हणते, गिधाड चेक आणत नाही.
पण रात्री कधी कधी तिचंच बरोबर वाटतं,
कारण बऱ्याचदा त्या घराला
आपण विकले जाणार हे माहीत नसतं,
माणसालाही नसतं,
आणि मी मात्र खाली, गुलमोहराखाली उभी राहून
चौरस फूट मोजत असते.

बी विंग, दुसरा मजला. रिसबूड.
पेपर बंद. दूध अर्ध्या लिटरवरून पाव.
कुंड्या जिन्यात, "हव्या त्यांनी न्याव्यात,
परत आणून ठेवू नयेत" अशा चिठ्ठीसह.
माझ्याकडे टाकवले नवरा-बायको होते,
सव्वा कोटी, वर एक रुपया नाही,
मुलीची शाळा चालत हवी.
मी सगळं जुळवून चार वाजून गेल्यावर गेले.
त्याआधी जाण्याइतकी मी नवखी नाही.

बेलवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं.
"ये. फार वेळ लावलास.
अंक आधी ने आणि त्या बाईला कळव,
असं मुनीरला मंगळवारीच सांगितलं होतं."

मी चप्पल काढायची विसरले.
त्यांनी पायांकडे बघितलं. काढली.

"नेटवर टाकायचं नाही.
नीलेश तिकडे टोरांटोत झोप आली नाही
की पुण्यातले फ्लॅट बघत बसतो.
रात्री दोनला आपलंच स्वयंपाकघर दिसलं तर दचकेल.
सही झाली की मीच सांगेन. घर माझ्या नावावर आहे."

आणि तुम्ही?

"वाईला. कमल देवस्थळी आहे, हॉस्टेलची.
घाटाजवळ दोन खोल्या, वर पत्रा, पण नदी दिसते.
त्याही पाटी लागण्याआधीच मिळाल्या.
तिथल्या दूधवाल्याला कळतं सगळं."

मी अक्षरं सगळी बरोबर लावली होती.
पाव लिटर, रिकामी दोरी, जिन्यातल्या कुंड्या.
वाक्य तेवढं उलटं वाचलं.
मला वाटत होतं, संपत आलंय.
बाई सामान बांधत होत्या.

"दोन टक्के," मी म्हटलं, सवयीने.
"एक."
"दीड."
"एक. मुनीरचं तू दे."

कप एकच उरला होता. तो मला मिळाला.
त्या पातेल्यातूनच चहा प्यायल्या, फुंकर घालत,
पदराने काठ धरून.

खाली उतरून वर बघितलं.
त्या गॅलरीत आल्या होत्या
आणि दोरीवरचे चिमटे एकेक काढून
मोजत पिशवीत टाकत होत्या.