नववी सही

मेच्या दुपारी मेडिकल चौकात ऑटो सोडला
आणि भिंतीच्या सावलीने आत आले.
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता पंखा फिरून राहिला.
गेडाम सिस्टर म्हणाल्या, बस. या वर्षीची सही कर.

पंधरा करायच्या आहेत. ही नववी.
पहिली केली तेव्हा एकोणीस वर्षांची होते,
खुब्यात काच फुटल्यासारखं दुखायचं,
आणि लाल कार्ड दाखवलं तरी
रात्रपाळीचा पोरगा आधी विचारायचा,
इंजेक्शनची सवय लागली का तुला?

मग माझ्याच पेशी माझ्यातून काढल्या,
कुठेतरी नेल्या,
दात पाडलेला एक विषाणू त्यांच्यात सोडला
पाठीवर एक दुरुस्त वाक्य लादून.
तोवर औषधाने माझी हाडं रिकामी केली
भाड्याची खोली चुना मारून ठेवतात तशी.
केस गेले. तोंडभर फोड आले.
पिशवीतून थेंब थेंब मी घरी परतले.

त्या जानेवारीत
अंगणातल्या टाक्यात कोपरापर्यंत हात घातले.
बर्फगार. काही झालं नाही.
आई दारात रडली
आणि मग ओरडली, काढ हात आधी!

दरवर्षी आठ नळ्या रक्त घेतात
आणि मोजतात
ते वाक्य कोणाच्या घरात कुठे जाऊन बसलं,
कोणत्या पेशीची पोरंबाळं किती झाली.
सगळ्यांची थोडी थोडी असली तर चांगलं.
एकाच घराण्याची फार झाली तर...
इथे डॉक्टर पिंपळापुरे पेनला टोपण लावतात.

बाबा काटोल रोडच्या नर्सरीत डोळे भरतात.
जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा,
वरून प्लास्टिकची पट्टी.
ते म्हणाले, हे तर आमचंच काम.
मग बिडी विझवून म्हणाले,
पण खालून खुंटाची फूट येते, ते पाहत राहा लागते.
किती वर्षं?
झाड आहे तोवर, बाप्पा.

मार्चमध्ये पत्र आलं,
कोणाच्याच तोंडी नसलेल्या मराठीत.
एका सहभागी व्यक्तीच्या रक्तात
एका पेशीवंशाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे.
सद्यःस्थितीत लक्षणे नाहीत. आपल्या माहितीस्तव.
नाव नव्हतं. क्रमांक चार.
मी अकरा.
रात्रभर मी चारला चेहरे देत राहिले,
एकही बसला नाही.

त्याच आठवड्यात रामटेकहून पाहुणे.
मुलाची आत्या म्हणाली, म्हणजे बरी झाली ना पोरगी?
आई म्हणाली, हो.
मी म्हणाले, आजपर्यंत.
आणि हेही सांगितलं की रक्त बदललं, बीज नाही,
तुमच्या मुलालाही तपासून घ्या.
चहावर साय धरली.

प्रशिकला कोणी सही मागितली नव्हती.
माझ्या भावाच्या कार्डावर
पुढच्या तारखांचे रकाने कोरे राहिले, अकरा.
आईने ते कार्ड तांदळाच्या डब्यात ठेवलंय.
का, हे आम्ही विचारत नाही.

आता बाकावर माझ्या शेजारी एक बाई.
दंडाला कापसाचा बोळा,
फाइलीवरचा आकडा ओढणीने झाकलेला.
ती माझ्याकडे पाहते, मी ओढणीकडे.
विचारायचं नाही, असं दोघींनीही लिहून दिलंय.
ती डबा उघडते. तर्री नसलेले पोहे.
घे ना, म्हणते, मेले उपाशीच बोलावतात.
मी घेते. मीठ कमी आहे.
छान झालेत, म्हणते.

मग सिस्टर आत बोलावतात.
काही त्रास? नाही.
काही भीती? हा रकाना फॉर्मवर नाही,
त्या आपल्या मनानेच विचारतात.
मी सही करते. नाव जरा उतरत जातं, नेहमीसारखं.
त्या पुढच्या वर्षीचं कॅलेंडर चाळतात.
मंगळवार येते. चालेल?
मंगळवारी माझी शिकवणीची पोरं असतात, मी म्हणते,
बुधवार लिहा.