पंख्याचं नंतर सांगते

रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत माझं रिचार्जचं दुकान,
दोन हात रुंद. त्यात मी, काउंटर आणि एक पंखा.
पंख्याचं नंतर सांगते.

शाळा सुटली की धैर्य येतो, दप्तर एकाच खांद्यावर.
"आंटी, सो नुं करी आपो ने."
मूठ उघडतो. नोटेला कणकेचा वास.
डबा कोणाचा, मी विचारत नाही.
शंभराचे हिरे त्याच्या खात्यात जातात,
तीन रुपये माझ्या.

मग तिथेच पायरीवर बसून तो पेटी उघडतो.
पेटी आधी थरथरते, आतून कुणी धडका द्यावं तशी,
मग सोनेरी उजेड, मग तुतारी,
मग टोपी.
"पाछी टोपी," म्हणतो.
अशा निळ्या टोप्या त्याच्याकडे सात झाल्या,
आणि फोनमधल्या त्या शिपायाला डोकं एकच.

वरच्या मजल्यावरच्या आंग्रे वकिलांना विचारलं,
हा जुगार का हो?
चहा बशीत ओतता ओतता म्हणाले,
"जुगारात माणूस हरतो. इथे प्रत्येकाला काही ना काही मिळतंच.
शिवाय ती टोपी बाजारात विकता येत नाही,
म्हणजे तिला किंमत नाही,
म्हणजे डाव नाही."
किंमत नाही, तर मी शंभर कशाचे घेते?
ते बशीकडे बघत राहिले.
"कायदा जुना आहे, कुमुदताई."

आमच्या आप्पांना धरलं सातमच्या रात्री, सत्त्याऐंशी साली.
घरात चूल बंद, आदल्या दिवशीचं गार जेवण,
आणि शितोळे मास्तरांच्या गच्चीवर तीनपत्ती.
श्रावणात अख्खं बडोदं खेळायचं, तसे तेही.
पंचनाम्यात लिहिलं: शेतरंजी एक, कंदील एक,
रोकड तेराशे चाळीस, पत्ते एक्कावन्न.
बावन्नावा कुठे गेला, हे आई त्यांना
मरेपर्यंत विचारत होती. हसून नव्हे.

धैर्यच्या पायरीवर पंचनामा कशाचा करणार?
शेतरंजी नाही, कंदील नाही.
समोर त्याच्यासारखाच घामेजलेला
दुसरा गडीही नाही.

पण खोटं कशाला बोलू, मीही खेळले आहे.
शाळेच्या फाटकाशी तो पाटीवाला,
पुठ्ठ्यावर डकवलेल्या चिठ्ठ्या, पाच पैशाला एक फाडायची.
मधोमध मनगटी घड्याळ लटकायचं
आणि मला दर वेळी लिमलेटची गोळी.
तो जुगार होता? आई म्हणाली असती, होताच.
मला अजून ठरवता येत नाही.
एवढं आठवतं, की चिठ्ठ्या शंभर असायच्या.
फाटत फाटत पुठ्ठा उघडा पडायचा.
सहा वाजता तो सायकलला पाटी बांधून घरी जायचा,
आणि मी कोण, काल किती पैसे घालवले,
दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नसे.

ही पेटी विसरत नाही.
रात्री अकराला, पोरगं पांघरुणात असताना,
त्याच्या नावाने हाक मारते:
फक्त तुझ्यासाठी, फक्त दहा मिनिटं, अर्ध्या किमतीत.
आप्पांना घरी येऊन कुठला एक्का हाक मारत नव्हता.
म्हणजे, मारतही असेल.
मला कसं कळणार.

काल त्याने पाचशेची आणली. कोरी, घडीसुद्धा न पडलेली.
मी म्हटलं, सर्व्हर बंद आहे.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मोठी माणसं पाहतात तसं,
आणि भावेशच्या दुकानात गेला.
पाच मिनिटांत गल्लीतून तुतारी ऐकू आली.
पंधरा रुपये, माझ्या मनाने हिशेब केलाच.

उकडत होतं. पंखा वाढवला.
हा आप्पांनी आणलेला. पकडले गेले
त्याच्या आदल्या सातमला, आयुष्यात एकदाच जिंकले,
त्यातला.
बेअरिंग दोनदा बदललं.
वारा चांगला देतो.