जादा, एक

बत्तीस सालच्या नोव्हेंबरात मी एंटविसलांच्या घरी गेलो
तेव्हा माझ्या बुटांना नवे तळवे होते.
हे आधी सांगतो, कारण दार उघडून हॅनानं
माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे पाहिलं.

ब्रॅकनशॉतल्या सात गिरण्यांपैकी पाच बंद.
कमिटीनं मला पेन्सिल दिली होती आणि छापील कागद:
घरात काय आहे, कमावतं कोण,
त्यातलं विकता काय येईल.
घड्याळ, एक. चालू.
कपाट, एक. आरसा तडकलेला.
मुलगी मिलिसंट, सूतखात्यात, आठवड्याला चौदा शिलिंग;
त्या मानानं बापाचा भत्ता कापायचा.
माणसं, तीन. खुर्च्या, चार.

चौथी कुणाची, मी विचारलं.
इनॉक विस्तवाकडे बघत राहिला. विस्तव नव्हताच.
"आर्थरची," हॅना म्हणाली.
शनिवारी रात्री त्याचा घसा सुजला होता.
डॉक्टरची फी साडेतीन शिलिंग,
म्हणून दोघांनी ठरवलं, सकाळपर्यंत बघू.
सकाळ वेळेवर झाली.

मी लिहिलं: जादा, एक.
माझं अक्षर चांगलं होतं. अजून आहे.

गल्लीभर लोक मूठ झाकून जगत होते.
ती उघडून बघायचा मला पगार होता.

नाताळाआधी मिलिसंट घर सोडून गेली,
दोन गल्ल्या पलीकडे, सगळ्यांना ऐकू जाईल असं भांडून,
बापाचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून.
रविवारी मागच्या दारानं जेवायला यायची.
मला ठाऊक होतं. मी लिहिलं नाही.
गाठीला पुण्य एवढंच.

मग लढाई. मग अठ्ठेचाळीसचा जुलै.
तोच मी, केस गेलेला, वेगळ्या टेबलामागे.
रांग जिना उतरून पार फुटपाथवर.
हॅना आली ती इनॉकचा चष्मा लावून;
इनॉक जाऊन चार वर्षं झाली होती.
विचारायच्या आतच तिनं सुरुवात केली:
"घड्याळ विकलं. कपाट आहे, आरसा नाही..."
मी म्हटलं, ते नको.
नाव सांगा. जन्मतारीख. पत्ता.
"आणि?"
आणि काही नाही.

तिनं पर्स उघडली, मिटली.
"देतंय कोण?"
माहितीपत्रकातलं एक वाक्य मी पाठ केलं होतं,
त्यात राष्ट्र होतं, नागरिक होता.
ते घशातच राहिलं. म्हणालो, "सगळेच. थोडं थोडं.
पगारातून, करातून."
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "म्हणजे टॅटरसॉलबाईचा डबा."

चहाचा डबा, झाकणाला चीर पाडलेली.
दर शुक्रवारी दारोदार फिरायचा, घरटी एक पेनी.
कुणी गेलं की त्यातून शवपेटी,
हॅमचे सँडविच, घोड्याचं भाडं.
आर्थरची पेटीही त्यातूनच, बिडाच्या कड्यांची.
"तो मेल्यावर मिळायचा," हॅना म्हणाली,
"हे आधी."

पुढे मी यावर पुष्कळ वाचलं:
कायदा आधी कुठल्या देशानं केला,
कुठल्या दरबारानं कामगारांना भिऊन विमा दिला,
भूक म्हणजे आळस नव्हे हे कुणाला कधी सुचलं.
असेलही. मला तो डबा दिसतो.
आत नाणं पडल्याचा आवाज प्रत्येक घरी वेगळा:
महिनाअखेरीला खणखणीत, कारण तळ रिकामा.

मी कार्डावर शिक्का मारला.
नव्या कागदावर खुर्च्यांचा रकाना नव्हता.
तरी हात तिथं क्षणभर थांबला.

सहीची ओळ तिला दिसेना. मी बोट ठेवलं.
"हा चष्मा तुम्ही मोजला नव्हतात," ती म्हणाली,
"त्याच्या नाकावर होता."
डोळे तपासायला मंगळवारी या, मी म्हटलं.

उठताना म्हणाली,
"चौथी खुर्ची अजून आहे. विकली नाही.
त्या दिवशी तुम्हाला बसा म्हटलं नव्हतं मी."

आजही म्हटलं नाही.
कार्ड हातमोज्यात सरकवलं, आणि गेली.
रांग एका पायरीनं वर सरकली.